बुबुळ बदललं, दिसूही लागलं. मग डोळ्याला स्पर्श का कळत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या डोळ्याला ऊस तोडताना पात लागली. जखमेत बुरशीचा संसर्ग झाला, औषधांनी तो आटपेना, म्हणून कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण करावं लागलं. त्याला आता आठ महिने झालेत. नजर बऱ्यापैकी आहे, तक्रार काही नाही. मात्र परवा ड्रॉप घालताना मुलाच्या हातून बाटलीचं टोक थेट बुबुळाला टेकलं आणि वडिलांनी पापणीसुद्धा हलवली नाही. मुलगा घाबरला. तो विचारतो: ऑपरेशनमध्ये नस जोडायची राहिली का? जाणीव परत येईल का, आणि कधी? बी-१२च्या इंजेक्शनांनी फायदा होईल का? वडील शेतात जायचं म्हणतायत, जाऊ द्यावं का?

पहिली गोष्ट, बाटलीचं टोक लागलंय तर वडिलांना उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे नेऊन डोळा तपासून घ्या. फ्लुरेसीनचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं की ओरखडा उमटला असेल तर लगेच दिसतो. ज्या डोळ्याला दुखत नाही, त्यातला ओरखडा घरी कुणालाच कळणार नाही. ती बाटलीही टाकून द्या, नवी घ्या.

नस जोडायची राहिली ही शंका मात्र मनातून काढून टाका. कॉर्निया बसवताना कुठलाच सर्जन नसा जोडत नाही. त्या इतक्या बारीक असतात की जोडता येतच नाहीत. टाके असतात ते नव्या चकतीची कड जुन्या कडेला धरून ठेवण्यासाठी. नसा नंतर आपल्या आपण, वडिलांच्या स्वतःच्या कडेकडून, दात्याच्या कॉर्नियात शिरतात आणि मध्याकडे सरकतात. आठ महिन्यांत त्या मध्यापर्यंत पोचाव्यात अशी अपेक्षाच नसते. म्हणजे स्पर्श न कळणं हे ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही. ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला कॉर्निया, स्वच्छ राहणं आतल्या एंडोथेलियम नावाच्या पेशीथरावर अवलंबून असतं, नसांवर नाही. डोळ्याला उत्तम दिसतंय आणि त्याच डोळ्याला स्पर्श कळत नाही, असे रुग्ण आम्ही रोज पाहतो.

पण म्हणून निर्धास्त राहा, असं मी म्हणणार नाही. या डोळ्याची खरी अडचण हीच आहे की तो बिघडला तरी बोंब मारत नाही.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, पण संवेदना देणाऱ्या नसा मात्र शरीरात इतर कुठेही नसतील इतक्या दाट असतात. त्वचेच्या तुलनेत काही शे पटींनी जास्त. एवढीशी धूळ गेली तरी जीव कासावीस होतो तो त्यामुळेच. चेहऱ्याला संवेदना देणारी ट्रायजेमिनल नस असते, तिच्या पहिल्या शाखेतून हे तंतू येतात. कॉर्नियाच्या कडेने, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, ते चहूबाजूंनी मध्याकडे निघतात. कडेपासून साधारण मिलिमीटरभर आत आल्यावर ते आपलं मायलिनचं आवरण सोडून देतात. ते आवरण तसंच राहिलं असतं तर कॉर्निया इतका पारदर्शक राहिला नसता. मग हळूहळू वर चढत, बोमनचा थर नावाच्या चिवट पापुद्र्यातून पार होत, अगदी वरच्या एपिथेलियम या पेशीथराखाली ते बारीक जाळं विणतात. स्पर्श, थंडी, झोंबणं या सगळ्याची पहिली वर्दी हे जाळं देतं.

कॉर्नियाचा व्यास साधारण ११ ते १२ मिलिमीटर. प्रत्यारोपणात ट्रेफाइन या गोल पात्याने मधली ७.५ ते ८.५ मिलिमीटरची चकती कापून काढतात. बुरशीच्या संसर्गात निरोगी भाग लागेपर्यंत कापावं लागतं, म्हणून चकती बऱ्याचदा त्याहूनही मोठी असते. कापताना गोलाकार सगळे तंतू तुटतात, एकही सुटत नाही. दात्याच्या चकतीतले तंतूही कामाचे राहत नाहीत. कॉर्नियातल्या तंतूची मूळ पेशी कवटीच्या तळाशी एका गाठीत असते, आणि तिच्यापासून तुटलेला तंतू जगत नाही. त्यामुळे नवा कॉर्निया बसतो तेव्हा त्यात चालू स्थितीतली एकही नस नसते.

आता यात एक घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. वडील म्हणतील, ‘मला सगळं कळतंय की, परवा साबण गेला तर केवढं झोंबलं!’ ते खोटं बोलत नाहीत. पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग आणि कॉर्नियाची कडेची अरुंद पट्टी त्यांची स्वतःची आहे. तिथल्या नसा शाबूत आहेत. साबण झोंबला तो तिथे. आतल्या रंगीत पडद्याच्या, म्हणजे आयरिसच्या नसाही जाग्यावर आहेत, त्यामुळे आत सूज आली तर उजेड सहन होत नाही, डोळा ठणकतो. बधिर आहे ती मधली चकती. नजर अवलंबून आहे ती नेमकी तिच्यावर, आणि जखम झाली तर कळत नाही तीही तिथेच.

हे आम्ही तपासतो कसं? साधी पद्धत म्हणजे कापसाची बारीक वात करून, रुग्णाला दिसणार नाही अशी बाजूने आणून, कॉर्नियाला हलकेच टेकवायची. मोजमाप हवं असेल तर कोशे-बोने नावाचं पेनासारखं उपकरण असतं. त्यात ०.१२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा धागा असतो, जास्तीत जास्त ६० मिलिमीटर बाहेर काढता येतो. लांब धागा लवकर वाकतो, त्यामुळे त्याचा दाब अगदी कमी पडतो. निरोगी डोळ्याला तोही कळतो. कळला नाही तर धागा पाच-पाच मिलिमीटरनी आखूड करत जायचं. जितका आखूड तितका टोचरा. पहिल्या वर्षातल्या ग्राफ्टच्या मध्यावर हे करताना धागा लागून वाकलेला मला स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणी यंत्रातून, स्वच्छ दिसत असतो, आणि रुग्ण शांतपणे विचारतो, ‘डॉक्टर, लावला का?’ तोच धागा कडेच्या पट्टीला लावला की मान झटकन मागे जाते. ही तपासणी डोळा बधिर करणारे थेंब घालण्याआधी करावी लागते, त्यामुळे डोळ्याचा दाब मोजायच्या आधीच डॉक्टरांना तशी आठवण करा. घरी कापूस लावून बघण्याचा प्रयोग मात्र कृपा करून करू नका.

आता ‘कधी’चं उत्तर. हातापायाची तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. त्या हिशेबाने कडेपासून ग्राफ्टच्या मध्यापर्यंतचं चार-पाच मिलिमीटरचं अंतर आठवडाभरात कापून व्हायला हवं. तसं होत नाही, कारण मध्ये जोडावरचा व्रण आडवा येतो. तिथे दोन वेगवेगळ्या माणसांच्या कॉर्नियाचे थर एकमेकांना लागलेले असतात, पण तंतूंच्या जुन्या वाटा समोरासमोर येत नाहीत. बोमनचा थर एकदा कापला की पुन्हा तयार होत नाही. काही तंतू व्रणाशीच अडतात, काही वाट सोडून भरकटतात, थोडे पार होतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोपने जिवंत डोळ्यातले हे तंतू बघता येतात. काही महिन्यांनी ग्राफ्टच्या जाडीत एखाददुसरा तंतू दिसू लागतो. एपिथेलियमखालचं जाळं मात्र मध्यात फार उशिरा दिसतं, आणि जे दिसतं ते विरळ, बारीक, वाकडंतिकडं असतं. प्रत्यारोपणाला कैक वर्षं उलटलेल्या डोळ्यांतही ते पूर्ववत दाट झालेलं नसतं.

रुग्णांना मी साधारण असं सांगतो: ग्राफ्टच्या कडेला थोडी जाणीव वर्षभरात येऊ लागते. मध्यात काही अंशी यायला दोन-तीन वर्षं धरा. पूर्वीसारखी पूर्ण येईल अशी आशा धरू नका, आणि काहींच्या मध्यात ती कधीच येत नाही.

कुणाला किती येणार, हे ऑपरेशन कशासाठी झालं यावर बरंच ठरतं. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, बहुधा तरुणांना होतो; त्यांच्या कडेच्या नसा त्यामानाने चांगल्या असतात आणि जाणीवही बरी परतते. नागीण किंवा हर्पिसमुळे कॉर्निया खराब झालेल्यांची स्थिती सगळ्यात अवघड, कारण तो विषाणू नसेतच मुक्काम करतो आणि ऑपरेशनच्या आधीच तिला खाऊन टाकतो. तुमच्या वडिलांचा क्रमांक या दोहोंच्या मध्ये लागतो. बुरशीच्या संसर्गात नसा जळतात, पण त्यांचं मूळ शाबूत असतं. वडिलांना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल असं गृहीत धरू नका, रक्त तपासून घ्या. वाढलेली साखर डोळ्याच्या नसाही मारते आणि एपिथेलियम भरून येण्याचा वेगही कमी करते. माझ्या मते इथे सगळ्यात जास्त हाताशी असलेला इलाज तोच आहे.

कुणी तुम्हाला सांगेल की हल्ली फक्त आतला थर बदलतात, मग जाणीव जात नाही. ते खरं आहे. नेदरलँड्सच्या डॉ. जेरिट मेलेस यांनी पुढे आणलेल्या डीएमईकेसारख्या शस्त्रक्रियांत कॉर्नियाचा पुढचा भाग जवळपास जसाच्या तसा राहतो. पण त्या एंडोथेलियमच्या आजारांसाठी असतात. बुरशी कॉर्नियाच्या जाडीत खोल उतरली होती, ती आतला थर बदलून निघाली नसती. वडिलांसाठी तो पर्याय नव्हताच.

आता मी काळजी करा का म्हणतोय ते सांगतो. नसा फक्त दुखण्याची वर्दी देत नाहीत. त्यांच्या वर्दीवर पापणी लवते आणि पाणी सुटतं. शिवाय त्यांच्या टोकांतून झिरपणारी रसायनं एपिथेलियमच्या पेशींना जगवतात. नस गेली की उघडझाप मंदावते, पाणी कमी होतं, वरचा थर खडबडीत होतो. या आजाराला न्यूरोट्रॉफिक केराटोपथी म्हणतात. पुढच्या पायरीत एपिथेलियम एके ठिकाणी सोलवटतं आणि भरूनच येत नाही; त्या जागेच्या कडा गुळगुळीत, जाडसर, गुंडाळल्यासारख्या दिसतात. त्याहून पुढे कॉर्निया विरघळू लागतो आणि भोकही पडू शकतं. हे सगळं होताना रुग्ण आरामात जेवतो, झोपतो.

टाक्यांचंही तसंच. कॉर्नियाचे टाके १०-० मापाच्या नायलॉनचे, केसाहून बारीक. ते विरघळणारे म्हणून धरले जात नाहीत, पण वर्ष-दीड वर्षात झिजून सैल होतात, तुटतात. एक रुग्ण माझ्याकडे केवळ चष्म्याचा नंबर काढायला आले होते. तपासताना एका टाक्याचं टोक पृष्ठभागाच्या वर उभं राहिलेलं दिसलं. त्याला चिकट घाणीचा धागा अडकलेला आणि बुडाशी मोहरीएवढाही नसेल असा पांढरा ठिपका. तो जंतुसंसर्ग होता. डोळा किंचित लाल होता, पण दुखत नव्हता, म्हणून घरात कुणी लक्ष दिलं नव्हतं. टाका काढला, खरवडून तपासायला पाठवलं, तासातासाला प्रतिजैविकाचे थेंब सुरू केले आणि ग्राफ्ट वाचला. आणखी आठवडाभराने आले असते तर वाचला असता असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

म्हणून वडिलांना ‘दुखतंय का?’ असं विचारून थांबू नका, डोळा बघा. रोज सकाळी खिडकीजवळ बसवून, खालची पापणी ओढून, मोबाइलवर एक फोटो काढा आणि कालच्या फोटोशेजारी ठेवा. लाली वाढली, एखादा टाका वर आलेला दिसला, त्याच्याभोवती पांढरट डाग आला, एकाच जागी चिपड अडकून बसतंय, किंवा चमक जाऊन धुरकटपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. नजरही रोज बघायची, आणि ती चांगला डोळा झाकून. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या तारखा ठरलेल्या अंतरावरून वाचायला सांगा. काल दिसत होत्या त्या आज दिसत नसतील तर तो ग्राफ्ट रिजेक्शनचा, म्हणजे शरीर नवा कॉर्निया नाकारत असल्याचा, इशारा असू शकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा सांभाळून घेतो आणि दिवस निघून जातात. रात्री वडील झोपले की पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसतं का तेही एकदा बघा. दिसत असेल तर डोळा रात्रभर सुकतोय. डॉक्टर मलम देतील, कधी पापणीवर टेप लावायला सांगतील.

औषधांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे नुकसान सहज होतं. ओलाव्याचे थेंब परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेले घ्या. बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असतं, आणि दिवसातून अनेक वेळा घातलं की आधीच अशक्त असलेल्या एपिथेलियमला ते मारक ठरतं. डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकसारखे दुखणं कमी करणारे थेंब औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणू नका. बधिर कॉर्निया त्यांनी विरघळल्याची उदाहरणं आहेत. डोळा बधिर करायचे थेंब तर घरात नकोतच. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर त्यातले काही जाणीव आणखी कमी करतात, तेव्हा डॉक्टरांना आठवण द्या. गुलाबपाणी, मध, दूध, काहीही नाही. आणि स्टेरॉइडचे थेंब ‘आता बरं आहे’ म्हणून परस्पर बंद करायचे नाहीत, वाढवायचेही नाहीत.

बी-१२चं म्हणाल तर रक्तात कमी असेल तर जरूर भरून काढा. शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा कमी निघतं. पण पातळी नीट असताना इंजेक्शनं घेऊन ग्राफ्टमध्ये नसा भरभर वाढतील, असं मानायला पुरावा नाही. त्यावर पैसे घालवू नका.

एपिथेलियम भरून येत नसेल तर खरे उपाय वेगळे आहेत. रुग्णाच्याच रक्तातून बनवलेले सीरमचे थेंब, साधारण २० टक्के तीव्रतेचे, यांचा मला चांगला अनुभव आहे. ते फ्रीजमध्ये ठेवावे लागतात आणि मुदत पाळावी लागते. बँडेज कॉन्टॅक्ट लेन्स, गर्भावरणाचा पडदा, इन्सुलिनचे थेंब हेही वापरात आहेत. पापण्यांच्या कडा काही भागात शिवून टाकण्याची टार्सोऱ्हाफी ऐकायला भयंकर वाटते, पण तिने वाचवलेले डोळे मी पाहिलेत. डॉक्टरांनी सुचवली तर दिसण्यावरून नाकारू नका. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना ज्या नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत १९८६ सालचं नोबेल मिळालं, तोच घटक प्रयोगशाळेत बनवून सेनेगर्मिन नावाचे थेंब तयार झाले. २०१८ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे घालायचे असतात आणि ते अतिशय महाग आहेत. कॉर्नियल न्यूरोटायझेशन ही शस्त्रक्रियाही आहे. त्यात कपाळाची चांगली नस थेट वळवून, किंवा पायातून काढलेल्या नसेचा तुकडा तिला जोडून, कॉर्नियाच्या कडेपर्यंत आणतात. ती मूळ नसच मेलेल्यांसाठी असते. वडिलांचं मूळ शाबूत आहे, त्यांना आज यातलं काही लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. नसा परत येताना काहींना बारीक टोचणं, मुंग्या, वाऱ्याने थंड झोंबणं जाणवतं. ते बहुधा ठीक असतं. पण त्यालाच ‘नसा वाढतायत’ समजून घरी बसू नका. सैल टाका कडेच्या पट्टीला घासला तरी अगदी असंच वाटतं, आणि दोहोंतला फरक स्लिट लॅम्पखालीच कळतो.

आता शेताचं. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणाचा जोड मूळ कॉर्नियाइतका मजबूत कधीच होत नाही. कित्येक वर्षांनीही कोपर, जनावराचं शिंग किंवा फांदी लागून तो उघडलेला आम्ही बघतो. त्यात जाणीव नाही म्हटल्यावर पात घासली तरी डोळा वेळेवर मिटणार नाही. त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली तर वडिलांनी बांधावर जावं, पाणी द्यायचं बघावं, माणसांवर देखरेख करावी. जाताना बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा; नुसता चष्मा किंवा टोपी पुरत नाही. धुळीत आणि फवारणीच्या वेळी शेतात थांबू नये. गॉगल दुसऱ्या डोळ्यासाठीही तितकाच गरजेचा आहे. घरी आल्यावर डोळा चोळायचा नाही, हात धुऊन ओलाव्याचे थेंब घालायचे आणि तुम्ही एकदा बॅटरीने बघायचं. थेंब घालताना बाटली बोटभर वर धरा, मान मागे, खालची पापणी ओढून तयार झालेल्या खोबणीत थेंब पडू द्या. ऊस तोडायला मात्र या हंगामात दुसऱ्या कुणाला तरी लावा. टाके पूर्ण निघेपर्यंत ते काम वडिलांचं नाही.